तिसरं वचन

अकरा महिने झाले होते.
मंडळीच्या कॅलेंडरवर, उपासनेच्या वेळांखाली
पेन्सिलीनं बारीक फुली मारत आले होते मी.
शांतवनना वाटायचं, गॅसच्या टाकीचा हिशेब आहे.

"बारा पुरे झाले की सुटलात," मुजावर डॉक्टर म्हणाल्या होत्या
मिरजेतल्या त्यांच्या अरुंद दवाखान्यात,
जिथं खालच्या दुकानातून सतारीची तार पिळल्याचा आवाज
जिन्यानं वर येतो आणि मध्येच थांबतो.
गोळ्यांचं विचारलं, तर त्यांनी आईचं विचारलं.
आईच्या डाव्या स्तनातली गाठ. सांगितली.
"मग हार्मोन तुम्हाला नको." इतकंच.
कॅल्शियम, संध्याकाळी चालणं,
रात्रीचा चहा बंद. तो मी अजून पिते.

पाळकांच्या मिसेस म्हणाल्या, संताप हे देहाचं काम, कबूल करा.
डॉक्टर म्हणाल्या, इस्ट्रोजेन.
शांतवनच्या डब्यावर मी आदळलेलं झाकण
यातल्या कुणाच्या नावे मांडू?

उत्तम शुक्रवार. बारा ते तीन.
बायका सगळ्या पांढऱ्या पातळात,
पंखे चार, त्यातला एक नुसता लटकलेला.
पहिल्याच वचनाला मानेमागून उठली ती.
झळ नव्हे, झळ बाहेरून येते.
ही आतून, कानांच्या पाळ्यांपर्यंत.
दानाच्या पाकिटानं वारा घेतला
आणि राग आला मला, त्याचाच. खरं सांगते.
तेहतिसाव्या वर्षी गेलास तू.
तहान तुला ठाऊक, टाकून दिलेलं असणं ठाऊक.
पन्नाशी नाही.
पहाटे तीनला भिजल्या गाऊनमध्ये उठून बसणं,
पोटच्या पोराचं नाव क्षणभर न आठवणं,
हे नाही.

मग तिसरं वचन आलं.
घोरपडे सर नेहमीसारखे खाकरले,
नेहमीसारखे आईच्या मायेवर बोलले,
आणि मी पहिल्यांदाच हिशेब केला, पेन्सिलीशिवाय:
पंधरा-सोळाची असेल ती तेव्हा. अधिक तेहतीस.

खाली उभी होती ती माझ्या वयाची होती.

चित्रात तिला कायम कोवळी काढतात.
त्या टेकडीवर मध्येच पेटलं असेल का तिचं अंग,
आणि कळलं नसेल तिला, हे दुःख की वय?
नंतर त्या दुसऱ्याच्या घरी, परक्या अंथरुणावर,
कुणी विचारलं असेल, झोप लागते का गं?

पाचव्या वचनाला पाणी प्यायला उठले,
तर मागून रिबेका लोंढेनं पदर ओढला.
वेदीच्या कापडाच्या लेसवरून
दोन वर्षं अबोला होता आमचा.
"चल," म्हणाली, आणि मला मागून चिकटून
पिशवी आडवी धरून दारापर्यंत आली.
सगळ्यांना वाटलं, चांगल्या दिवशी मिटलं दोघींचं.

नळापाशी ती डाग चोळत होती.
"माझं दहाव्या महिन्यात आलं होतं. दोनदा."
मग म्हणाली, "ती गर्दीतली, नुसता काठ धरणारी,
बारा वर्षं काढली बाईनं. आपल्याला बारा महिने जमेनात."
आम्ही हसलो. तोंडावर पदर धरून हसलो.
आत सहावं वचन चालू होतं, सगळं संपल्याचं.

सोमवारी सोनोग्राफी.
"अस्तर पातळ आहे, भ्यायचं नाही. मोजणी पहिल्यापासून.
पण बारा उलटून एक थेंब जरी दिसला,
त्याच दिवशी यायचं. प्रार्थनासभा असली तरी."

फुली एक.
"टाकी इतक्यात संपली?" शांतवननी विचारलं.
मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, सगळं.
ते बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले.
रात्री न सांगता पंख्याखालची बाजू मला दिली.

आमच्या मंडळीत तिला प्रार्थना करायची रीत नाही.
मीही करत नाही.
फक्त तीनला जाग येते, जंक्शनवरून मालगाडी जात असते,
तेव्हा उशी उलटी करते
आणि अंधारात हळूच विचारते तिला:
तुझा कितवा?